ऊतक-अनुरूपता व मानवी लोकसमूह

एका व्यक्तीचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) दुसरीच्या शरीराने स्वीकारावे यासाठी लागणाऱ्या आनुवंशिक साम्यास ऊतक-अनुरूपता म्हणतात. बॉस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरी यांनी केलेले वृक्काचे (मूत्रपिंडाचे) प्रतिरोपण यशस्वी झाले, ते दाता व ग्राही एकाच अंडापासून जन्मलेले जुळे भाऊ असल्यामुळे. इतरांचे शरीर परके ऊतक का नाकारते, याचा उलगडा झां दोसे यांनी १९५८ मध्ये श्वेत कोशिकांवरील पहिला प्रतिजन वर्णिल्यावर होऊ लागला. त्याच वर्षी योन व्हान रूड व रोझ पेन यांना अनेकदा प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या रक्तरसात अशा प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. गर्भाला पित्याकडून मिळालेल्या प्रतिजनांमुळे ती मातेच्या शरीरात निर्माण होतात. पुढे दीर्घकाळ परीक्षणासाठी लागणारा रक्तरस मुख्यतः अशा मातांनीच पुरविला.

या एचएलए प्रतिजनांची जीने सहाव्या गुणसूत्रावर लगतलगत असून बहुधा संचानेच पुढील पिढीत उतरतात. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण साम्याची शक्यता २५ टक्के असते. कुटुंबाबाहेर ती फारच घटते, कारण या जीनांची ३०,००० हून अधिक रूपे ज्ञात आहेत. १९७२ मध्ये एव्हियां (फ्रान्स) येथील आंतरराष्ट्रीय कार्यसत्रासाठी जगातील अनेक लोकसमूहांचे रक्त तपासण्यात आले. ए१–बी८ हा संच उत्तर युरोपात विपुल, तर बी४६ हे रूप दक्षिण चीन व आग्नेय आशियात सामान्य आणि युरोपीयांत जवळजवळ अज्ञात आहे. असा भेद घडविण्यात रोगजंतूंचाही वाटा असावा. गँबियात बी५३ हे रूप तीव्र हिवतापापासून काही संरक्षण देते, असे १९९१ मध्ये दिसून आले. तथापि यावरून वंशांच्या भिंती उभारणे चुकीचे ठरेल. मानवी आनुवंशिक विविधतेचा बहुतांश भाग प्रत्येक लोकसमूहाच्या अंतर्गतच असतो, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखविले होते.

सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांमुळे वृक्कासाठी काटेकोर साम्याची निकड कमी झाली. अस्थिमज्जेची गोष्ट वेगळी, कारण तेथे दात्याच्या कोशिकाच ग्राहीवर हल्ला करू शकतात. लंडन येथे १९७४ मध्ये व अमेरिकेत १९८६ मध्ये दात्यांच्या नोंदवह्या सुरू झाल्या, परंतु त्यांत युरोपीय वंशाच्या दात्यांचाच भरणा होता. २०१४ मधील अमेरिकन अभ्यासानुसार पूर्णपणे जुळणारा दाता मिळण्याची शक्यता युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णास ७५ टक्के, तर आफ्रिकी अमेरिकन रुग्णास सुमारे १९ टक्के होती. भारतात जातिअंतर्गत विवाहांमुळे निरनिराळ्या समाजांत संचांचे प्रमाण भिन्न असल्याने परदेशी नोंदवह्यांचा उपयोग मर्यादित ठरतो. प्रतिरोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड देण्याच्या पद्धतीमुळे आता आईवडील वा अपत्ये यांची अर्धीच जुळणारी मज्जाही वापरता येते.