श्रेणीविहीन समाज

जन्म, पद किंवा संपत्ती यांच्या बळावर कोणालाही दुसऱ्यावर हुकूम चालवता येत नाही, असा समाज. तो व्यवहारात टिकू शकतो, याचा सबळ पुरावा कालाहारी वाळवंटातील कुंग सान या शिकारी-अन्नसंकलक लोकांत मिळतो. मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी १९६० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. मोठी शिकार साधणाऱ्याचे तेथे कौतुक होत नसे. जनावर हाडकुळे आहे, वाहून आणण्याच्याही लायकीचे नाही, अशी थट्टा होई आणि शिकारीही तीत सामील होई. मांस वाटण्याचा अधिकार जनावराला लागलेल्या बाणाच्या मालकाचा असे. बाणांची देवघेव सतत चालत असल्याने तो पुष्कळदा दुसराच कोणी असे. ही समता भाबडी नव्हती, ती रोज राखावी लागे. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफर बोम यांनी १९९३ मध्ये मांडल्याप्रमाणे, अशा समाजात सत्ता नाहीशी होत नाही. वरचढ होऊ पाहणाऱ्याला बाकीचे मिळून दाबतात.

हे फिरत्या, छोट्या टोळ्यांनाच जमते, हा आक्षेप निम्माच खरा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे स्थायिक गोंड गाव ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाला. मात्र तो हक्क राज्यसंस्थेच्याच कायद्याने दिला. लाखोंच्या शहराला ही रीत पेलेल, असे यावरून म्हणता येत नाही. शिवाय थट्टेचा आणि लोकमताचा धाक वेगळे वागणाऱ्याला हुकुमाइतकाच जाचक ठरू शकतो; हा आक्षेप आकाराच्या आक्षेपापेक्षा अधिक गंभीर आहे.