दोन मार्कांच्या सूत्रामागचा माणूस

विभवांतराला विद्युतधारेने भागलं की रोध, आणि दोघांचा गुणाकार केला की शक्ती. शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय हे. दोन मार्कांचं गणित, पटकन सुटायचं. पण ही ओळ ज्याने शोधली त्याचं काय झालं, ते पुस्तकात नसायचं. म्हणून ही नोंद.

गेऑर्ग ओहम (१७८९-१८५४) हा जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या कुलूपवाल्याचा मुलगा. वडील स्वतःच्या हिमतीवर शिकलेले, मुलांना गणितही त्यांनीच शिकवलं. १८१७ पासून ओहम कोलोनच्या एका शाळेत मास्तर होता आणि शाळेच्याच प्रयोगशाळेत तारा जोडत बसायचा. अडचण एकच. तेव्हाच्या बॅटरीचा जोर सारखा ढळायचा. प्रवाह कमी झाला तो तार लांब घेतली म्हणून, की बॅटरीच दमली म्हणून? कळणार कसं! १८२५ मध्ये त्याने छापलेलं पहिलं सूत्र त्यामुळे चुकलंच.

मग पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला झेबेकचा तेव्हा नवा असलेला शोध वापरायला सुचवलं. बिस्मथ आणि तांब्याचे दोन सांधे करायचे, एक उकळत्या पाण्यात ठेवायचा, दुसरा बर्फात. या दोन्हींचं तापमान हलत नाही, म्हणून विजेचा जोरही हलत नाही. त्याने वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते ते मोजलं. १८२६ मध्ये नियम हाती आला, १८२७ मध्ये बर्लिनला पुस्तक निघालं.

आणि स्वागत? जवळजवळ शून्य. कोलोनची नोकरी सुटली, कित्येक वर्षं मनासारखं काम मिळालं नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं तेव्हा कुठे नाव झालं. म्युनिकला प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला तो १८५२ मध्ये, मरणाच्या दोन वर्षं आधी.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश या नियमाच्या जवळ अठराव्या शतकातच पोचला होता, तेही स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्यांची तुलना करून! पण त्याने ते छापलंच नाही. मॅक्सवेलने ते कागद १८७९ मध्ये उजेडात आणले. एकाने सांगितलं नाही, दुसऱ्याने सांगितलं तर कुणी ऐकलं नाही. असो.

शक्तीचा हिशोब पुढे जूलमुळे जमला. प्रवाह दुप्पट केला की तारेतली उष्णता चौपट होते, हे त्याने १८४१ मध्ये मांडलं.

आता घरातली इस्त्री घ्या. १००० वॅट, २३० व्होल्ट. १००० ला २३० ने भागा, सुमारे ४.३५ अँपिअर. २३० ला ४.३५ ने भागा, सुमारे ५३ ओहम. गावाकडे व्होल्टेज १८० वर आलं तर? रोध साधारण तेवढाच राहतो, प्रवाह ३.४ होतो, आणि शक्ती उरते जेमतेम ६१० वॅट. व्होल्टेज पावपट सुद्धा घटलं नाही, पण इस्त्रीची ताकद जवळजवळ चाळीस टक्के गेली. बिचारी तापणार कशी!

मला या सगळ्यात सूत्रापेक्षा तो बर्फ मोठा वाटतो. आधीचं सूत्र छापून झालेलं असताना, आपलं मोजमापच डळमळीत होतं हे मान्य करून पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात करायची, याला मार्क देणारं कुणी नसतं.