चिखलदऱ्याचा 'शोध' नेमका कोणी लावला? धबधबे, गाविलगड आणि मेळघाटातील वाटांचा इतिहास

१/ पावसाळा सुरू झाला की अमरावती, वर्धा, नागपूरकडचे तरुण चिखलदऱ्याची वाट धरतात. भीमकुंडाचा धबधबा, देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगडाची पायपीट. पर्यटन-पुस्तिकांत एक वाक्य हमखास भेटते: १८२३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण 'शोधून काढले'. हा दावा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो?

२/ प्रथम भूगोल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून येथील बेसाल्ट तयार झाला. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो आणि उभे कडे तयार होतात. त्यांवरून पाणी कोसळले की धबधबा, त्यांवर तट बांधला की किल्ला. चिखलदऱ्यात दोन्ही शेजारी-शेजारी आहेत.

३/ लोककथा सांगते, भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकले. 'कीचकदरा'चे पुढे 'चिखलदरा' झाले. महाभारतातील विराटाचा मत्स्यदेश अभ्यासक आजच्या राजस्थानात मानतात. तरीही कथेला मोल आहे: ही दरी लोकस्मृतीत रॉबिन्सनच्या कितीतरी आधीपासून होती.

४/ गाविलगड हे नाव गवळ्यांवरून पडले असे मानतात. फिरिश्ताच्या वृत्तान्तानुसार १४२५ च्या सुमारास अहमदशाह बहमनीने येथे भक्कम किल्ला उभारला. पुढे तो वऱ्हाडच्या इमादशाहीचा आधार झाला. कालांतराने मुघल आणि अखेर नागपूरकर भोसले त्याचे धनी झाले.

५/ डिसेंबर १८०३. असई आणि अडगावच्या लढायांनंतर आर्थर वेलस्ली गाविलगडासमोर आला. दक्षिणेकडे सरळ कडा. सपाटीवरून भिडता येईल अशी बाजू उत्तरेची, आणि तिकडे तोफा नेण्याजोगा रस्ताच नव्हता.

६/ कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून सुमारे ३० मैलांचा वळसा घेतला. सैनिक आधी रस्ता तयार करीत आणि मग अवजड तोफा हातांनी ओढून नेत. १२ डिसेंबरला ते उत्तरेला पोहोचले. १५ डिसेंबरला तटाला पडलेल्या खिंडारांतून हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला.

७/ दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. रघूजी भोसले (दुसरे) यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांना परत मिळाले. आज वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीचा परिसर नदीच्या पूर्वेचा, म्हणून तो नागपूर राज्यातच राहिला. वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांच्यामधली वर्धेची रेघ या तहाने ठळक केली.

८/ म्हणजे रॉबिन्सन आला तेव्हा शेजारचा किल्ला चारशे वर्षांचा होता आणि इंग्रजांनी स्वतःच तो वीस वर्षांपूर्वी जिंकला होता. 'शोध' लागला तो गोऱ्या अधिकाऱ्यांना उन्हाळा सुसह्य करणाऱ्या थंड हवेचा. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेले, १८५८ मध्ये किल्ला निकामी करण्यात आला, आणि डोंगर विश्रांतीचे स्थळ बनला.

९/ या साऱ्या काळात येथे कोरकू राहत होते. त्यांची भाषा मुंडा गटातील, संथाळी-मुंडारीची दूरची बहीण. मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडची. १८६० च्या दशकात रेल्वेला स्लीपरसाठी लाकूड हवे होते. मेळघाटचे सागवान 'राखीव' झाले आणि फिरती शेती करणारे कोरकू आपल्याच रानात परवानगीने राहणारे ठरले.

१०/ १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. वाघाला आसरा मिळाला, हे यश खरे. त्याची किंमतही खरी: कोहा, कुंड, बोरी यांसारखी गावे जंगलाबाहेर हलवली गेली.

११/ २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागण्याचा मार्ग दिला. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाने ते मिळवून उजाड टेकड्यांवर पुन्हा जंगल वाढवले. राखणारा आणि राहणारा एकच असू शकतो, याचा हा पुरावा.

१२/ किल्ला, थंड हवेचे ठिकाण, राखीव वन, राष्ट्रीय उद्यान: एकाच डोंगराला प्रत्येक सत्तेने आपल्या गरजेचे नाव दिले आणि प्रत्येक वेळी तो जणू नव्यानेच सापडला. पण ज्यांच्या भाषेत येथल्या ओढ्यांना आणि झाडांना आधीपासून नावे होती, त्यांनी तो कधी 'शोधला' नाही. तो त्यांच्यापासून कधी हरवलाच नव्हता.

(धागा समाप्त)