लाम्ब्रुस्को : एक नाव, दोन चवी

१/ इटलीतील मोदेना शहरात लाम्ब्रुस्को मागितली, तर बहुधा थंड, फेसाळ लाल वाइन समोर येते. ती आंबट असते, किंचित तुरट असते आणि तिच्यात गोडी जवळजवळ नसते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत हेच नाव घेतले असते, तर बर्फ घालून प्यायचे गोड लाल पेय मिळाले असते. या दोन चवींमागे शेती, स्वयंपाकघर आणि बाजारपेठ यांचा मोठा इतिहास आहे. #थ्रेड

२/ ही वाइन पो नदीच्या दक्षिणेकडील मैदानात घडली. इ.स.पू. १८७ मध्ये रोमन कॉन्सल मार्कस एमिलियस लेपिडस याने रिमिनी ते पिआचेन्झा असा सरळ रस्ता बांधला. त्याच्याच नावावरून या प्रदेशाला एमिलिया म्हणतात. चार वर्षांनी या रस्त्यावर मोदेना आणि पार्मा येथे रोमन वसाहती स्थापन झाल्या. मोदेना, रेज्जो एमिलिया आणि पार्मा हेच आजही लाम्ब्रुस्कोचे माहेर.

३/ ‘लाम्ब्रुस्को’ हे नाव लॅटिन ‘लाब्रुस्का’ या शब्दाशी जोडले जाते. लाब्रुस्का म्हणजे द्राक्षाची रानवेल. व्हर्जिलच्या पाचव्या गोपकाव्यात गुहेवर पसरलेली अशी वेल येते. मात्र नाव प्राचीन आहे म्हणून आजच्या पेल्यातली वाइन रोमन ठरत नाही. शिवाय लाम्ब्रुस्को हे एका द्राक्षाचे नाव नसून अनेक वाणांच्या कुळाचे नाव आहे.

४/ या मैदानात वेली शतकानुशतके झाडांवर चढवल्या जात. शेताच्या कडेने एल्मची रांग, तिच्यावर द्राक्षवेल आणि मधल्या पट्ट्यात गहू किंवा चारा, अशी मांडणी असे. झाडाचा पाला गुरांना जाई, लाकूड चुलीला. जमीन बहुधा मालकाची आणि कसणारे कुटुंब अर्धेलीचे; पिकाचा निम्मा वाटा मालकाकडे जाई. लाम्ब्रुस्को ही अशा शिवारातली, रोजच्या जेवणाची वाइन होती.

५/ मग बुडबुडे कुठून आले? या द्राक्षांची काढणी उशिरा होते. रस आंबू लागेपर्यंत थंडी येते आणि यीस्ट सुस्तावते. थोडी साखर तशीच शिल्लक राहते. वसंतात ऊब वाढली की यीस्ट पुन्हा कामाला लागते. तोवर वाइन बाटलीत बंद झालेली असेल, तर तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते. तो वाइनमध्येच विरघळतो आणि बूच उघडताच फेस होऊन वर येतो.

६/ या प्रक्रियेतच कोरड्या चवीचे मूळ आहे. वाइनच्या भाषेत ‘कोरडी’ म्हणजे जिच्यात साखर फारशी उरलेली नाही अशी. यीस्ट जिवंत असेल, तर ते उरलीसुरली साखर खाऊन टाकते. ती टिकवायची, तर यीस्टला थांबवावे लागते आणि त्यासाठी बारीक गाळणी, कडक थंडावा किंवा उष्णतेची प्रक्रिया लागते. साध्या शेतघरात यातले फारसे काही नव्हते. बाटलीत भरवशाने टिकणारी गोडी ही मुख्यतः आधुनिक यंत्रांची देणगी आहे.

७/ आता त्याच शेतघराचे स्वयंपाकघर पाहू. एमिलियाच्या चाऱ्यावर गाई पोसल्या जातात. त्यांच्या दुधाचे पार्मिजानो-रेज्जानो चीज होते, जे किमान १२ महिने मुरवले जाते. चीज करताना उरलेली निवळी डुकरांना घातली जाते आणि त्या डुकरांच्या मांड्यांपासून पार्माचे प्रसिद्ध प्रोशुत्तो बनते. तळणाला आणि पिठाच्या मळणीला डुकराची चरबी. थोडक्यात, हे ताट स्निग्ध आणि खारट आहे.

८/ अशा ताटाला कोरडी लाम्ब्रुस्को का जुळते? चरबीचा थर जिभेवर बसला की पुढच्या घासाची चव मंदावते. वाइनचा आंबटपणा लाळ सुटायला मदत करतो आणि बुडबुडे तोंड हलके करतात. साले व बियांतून आलेले टॅनिन एरवी तोंड कोरडे पाडते. चीज-मांसाच्या संगतीत तो तुरटपणा सौम्य वाटतो. गोड वाइनने हे काम तितके साधत नाही. गोडीवर गोडी चढते आणि तोंड जडच राहते.

९/ चाखताना तीन वाण वेगळे ओळखता येतात. सोर्बारा फिकट, गुलाबीकडे झुकणारी. आंबटपणा तीक्ष्ण, गंध व्हायोलेटच्या फुलांचा आणि रासबेरीचा. ग्रास्पारोस्सा गडद जांभळी, भरदार, शेवटी जराशी कडवट. तिच्या घडाचे देठ तांबूस होतात, त्यावरून हे नाव. सालामिनोचे घड सालामीसारखे लांबट. चव या दोहोंच्या मधली. सोर्बाराचे फूल स्वतःहून फळत नाही, म्हणून परागणासाठी शेजारी बहुधा सालामिनोच लावतात.

१०/ जोड्याही त्याप्रमाणे ठरतात. सोर्बारा मोर्तादेल्लाच्या पातळ कापांबरोबर किंवा रश्शातल्या तोर्तेल्लिनीबरोबर शोभते. ग्रास्पारोस्सा झाम्पोनेला, म्हणजे मसालेदार मांस भरलेल्या डुकराच्या पायाला, पुरी पडते. पो नदीकाठच्या मांतोव्हा भागात तर गरम रश्शातच लाम्ब्रुस्को ओतून तो पिण्याची जुनी रीत आहे. ही वाइन साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअसला द्यावी. फार थंड केली, तर गंध दबतो आणि तुरटपणा टोचतो.

११/ शेतघरातून दुकानात जाण्याची वाट १९ व्या शतकात रुंदावली. क्लेतो क्यार्ली हा मोदेनातील खाणावळचालक. गिऱ्हाइकांसाठी केलेली त्याची लाम्ब्रुस्को इतकी खपली की १८६० मध्ये त्याने वाइनचाच कारखाना काढला. १८९५ मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती याने बंद टाकीत फेस निर्माण करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये फ्रान्सच्या युजीन शार्मा याने तिच्यात सुधारणा केली. आता प्रत्येक बाटलीत स्वतंत्र आंबवण होण्याची गरज उरली नाही. फेस आणि गोडी दोन्ही हवी तिथे थांबवता येऊ लागली.

१२/ १९५० मध्ये रेज्जो एमिलियातील काही सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘रियुनिते’ स्थापन केली. नावाचा अर्थच ‘एकत्र आलेल्या’. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मारियानी बंधूंच्या कंपनीने तिची लाम्ब्रुस्को अमेरिकेत नेली. कमी मद्यांश, गोड चव, सोपी किंमत आणि बर्फ घालून प्यायला सुचवणाऱ्या दूरचित्रवाणी जाहिराती, असे हे गणित होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिथला वार्षिक खप १ कोटी पेट्यांच्या वर गेला.

१३/ या यशाचे मोल दुहेरी ठरले. लहान शेतकऱ्यांच्या द्राक्षांना दूरची मोठी बाजारपेठ मिळाली. हे विसरून गोड लाम्ब्रुस्कोची टिंगल करणे अन्यायाचे होईल. पण त्याच वेळी जगाने निर्यातीची चव हीच मूळ चव मानली. कोरडी लाम्ब्रुस्को करणाऱ्या उत्पादकाला आपली बाटली ‘खरी’ असल्याचे परदेशात सिद्ध करावे लागू लागले. शतकांची सवय झाकोळायला दोन दशके पुरली.

१४/ मोदेना परिसरातील सोर्बारा, ग्रास्पारोस्सा आणि सालामिनो या तिन्ही वाइनना १९७० मध्ये नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला होता. अलीकडे अनेक उत्पादक बाटलीतच दुसरे आंबवण करण्याच्या जुन्या पद्धतीकडे वळले आहेत; अशा वाइनच्या तळाशी यीस्टचा गढूळ साका दिसतो. बाटलीवर ‘सेक्को’ लिहिलेले असेल तर ती कोरडी, ‘आमाबिले’ असेल तर गोडसर आणि ‘दोल्चे’ असेल तर स्पष्ट गोड.

१५/ एखाद्या खाद्यपदार्थाची ‘अस्सल’ चव शोधताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत : तो कोणत्या ताटासाठी घडला आणि आपल्यापर्यंत कोणत्या बाजारातून आला? लाम्ब्रुस्कोच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर एमिलियाच्या चीज-मांसाच्या ताटात आहे आणि दुसऱ्याचे अमेरिकेच्या बर्फाच्या पेल्यात. दोन्ही उत्तरे इतिहासाचीच आहेत. फक्त दुसरे पहिल्याच्या जागी बसवू नये.

#इतिहास #खाद्यइतिहास