सनद कोणाची, पदवी कोणती? : ख्रिस्ती धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण आणि हैदराबाद

हैदराबादच्या लोहमार्गावर आर्ट्स कॉलेज, जामिया उस्मानिया, विद्यानगर आणि काचीगुडा ही स्थानके ओळीने लागतात. विद्यानगर ही वस्ती उस्मानिया विद्यापीठाला लागून असल्याने तिचा विद्यार्थ्यांशी जुना संबंध आहे. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मराठवाड्यातील महाविद्यालयेही उस्मानियाशीच संलग्न होती, त्यामुळे मराठी वाचकाला हा परिसर परका नाही. या परिसरापासून फार दूर नसलेल्या, हुसेनसागरच्या बंधाऱ्याखालील गांधीनगर भागात आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेज आहे. तेथे पदवी आणि पदव्युत्तर स्तरावर ख्रिस्ती धर्मशास्त्र, पवित्र शास्त्र, चर्चचा इतिहास व उपासनाविधी यांचे शिक्षण दिले जाते. हे कॉलेज ज्या पदवीसाठी विद्यार्थी तयार करते, त्या पदवीचा अधिकार उस्मानियाचा नाही, कलकत्ता किंवा मद्रास विद्यापीठाचाही नाही. तो डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या एका सनदेपासून आलेला आहे. हे कसे घडले आणि त्यातून मुस्लिम शैक्षणिक संस्थांना काय बोध घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रीरामपूरची सनद

बंगालमधील हुगळी नदीकाठचे श्रीरामपूर (सेरामपूर) ही डॅनिश वसाहत होती. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनऱ्यांचे वास्तव्य नको होते. म्हणून विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी डॅनिश आश्रय घेतला. मराठीच्या अभ्यासकांना कॅरी परिचित आहेत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ मध्ये हेन्री मार्टिन यांचा उर्दू नवा करार बाहेर पडला. त्या भाषांतरात मिर्झा फितरत या विद्वानाचे मोठे साहाय्य होते. भारतातील ख्रिस्ती शास्त्राभ्यासाच्या पायात पंडित आणि मिर्झा या दोघांचेही श्रम आहेत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१८१८ मध्ये या तिघांनी श्रीरामपूर कॉलेज स्थापन केले. त्याचे दार सर्व धर्मांच्या तरुणांना उघडे होते. पौर्वात्य वाङ्मय आणि पाश्चात्त्य विज्ञान ही दोन्ही तेथे शिकवली जावीत, अशी संस्थापकांची योजना होती. १८२७ मध्ये डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार देणारी सनद दिली. १८४५ मध्ये डेन्मार्कने ही वसाहत इंग्रजांना विकली, पण सनदेतील हक्क कायम राहतील अशी तरतूद विक्रीच्या करारात करण्यात आली.

सनद मिळाली तरी पदवी मिळाली नाही. १८२३ मध्ये वॉर्ड, १८३४ मध्ये कॅरी आणि १८३७ मध्ये मार्शमन यांचे निधन झाले. पैशाची तंगी होती. पुढे कॉलेजचा कला विभाग कलकत्ता विद्यापीठाशी जोडला गेला आणि धर्मशास्त्राचा वर्ग काही काळ बंदच पडला. प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी १९१० च्या सुमारास हा विभाग पुन्हा उभा केला आणि १९१५ मध्ये बॅचलर ऑफ डिव्हिनिटीच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. सनद आणि पदवी यांत ८८ वर्षांचे अंतर पडले.

सरकारी विद्यापीठांचे मौन

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. राज्यकर्ते ख्रिस्ती असताना ख्रिस्ती धर्मशास्त्राला परकीय राजाच्या जुन्या सनदेचा आधार का घ्यावा लागला? याचे उत्तर इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणात आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने भारतीय विद्यापीठांसाठी त्या काळच्या लंडन विद्यापीठाचा नमुना स्वीकारला आणि धर्मविषयक परीक्षा त्यांच्या कक्षेबाहेर ठेवल्या. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता, मुंबई व मद्रास विद्यापीठांत म्हणूनच धर्मशास्त्राची विद्याशाखा नव्हती. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धार्मिक तटस्थतेचे धोरण आणखी पक्के केले.

याउलट, ज्यांना आपल्या समाजासाठी विद्यापीठ उभारायचे होते त्यांनी धर्मविद्येला त्यात जागा दिली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्याशाखेत सुन्नी व शिया असे दोन विभाग आहेत. बनारस हिंदू विद्यापीठातही प्राच्यविद्या व धर्मविज्ञानाला स्थान मिळाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमाबरोबर दीनियातचे शिक्षण होते. मुस्लिम विद्यार्थी दीनियात शिकत, तर इतरांसाठी अखलाकियात म्हणजे नीतिशास्त्राची सोय होती.

योगायोग असा की त्याच १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने श्रीरामपूर कॉलेज कायदा संमत केला. या कायद्याने धर्मशास्त्राचे अभ्यासक्रम, परीक्षा व पदव्या यांची जबाबदारी सिनेट या मंडळाकडे दिली. सिनेटमध्ये निरनिराळ्या पंथांचे प्रतिनिधी असावेत असे ठरले. त्यामुळे बाप्टिस्टांनी काढलेले कॉलेज सर्व प्रोटेस्टंट पंथांचे परीक्षापीठ बनले. आज देशातील पन्नासहून अधिक संस्था या सिनेटशी संलग्न आहेत.

हैदराबाद आणि महाराष्ट्र

आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेजची स्थापना १९६४ मध्ये राजमहेंद्री येथे झाली. लुथरन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट आणि चर्च ऑफ साउथ इंडिया यांनी आपापले वेगळे वर्ग चालवण्याऐवजी एकत्र येण्याचे ठरवले. १९७० च्या दशकात कॉलेज हैदराबादला आले. तेलुगू आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून शिक्षण देण्याची परंपरा त्याने जपली.

याच सुमारास आणखी एक संस्था या शहरात आली. १९३० मध्ये लाहोरला स्थापन झालेले हेन्री मार्टिन स्कूल अलीगढ, जबलपूर, लखनौ असा प्रवास करीत हैदराबादला स्थिरावले. मुसलमानांत धर्मप्रचार करणाऱ्यांना इस्लामची माहिती देणे हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे हा हेतू बदलत गेला. इस्लामचा अभ्यास, आंतरधर्मीय संवाद आणि १९९० च्या डिसेंबरातील दंगलीनंतर जुन्या शहरात सलोख्याचे काम, असे त्याचे स्वरूप झाले. एखाद्या संस्थेचा उद्देश शेजाऱ्याच्या सहवासाने कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्रात या शिक्षणाची दोन मोठी केंद्रे पुण्यात आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. ती श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे. ज्ञानदीप विद्यापीठ मात्र कॅथलिक परंपरेचे आहे. त्याचे मूळ श्रीलंकेतील कँडी येथे १८९३ मध्ये निघालेल्या पोप महोदयांच्या सेमिनरीत असून ती १९५५ मध्ये पुण्यात आली. त्याच्या पदव्यांचा अधिकार रोमहून येतो. म्हणजे एकाच शहरातील दोन पदव्यांमागे दोन निराळ्या सत्ता उभ्या आहेत.

काय शिकवले जाते?

बॅचलर ऑफ डिव्हिनिटीच्या अभ्यासक्रमात जुना करार, नवा करार, धर्मसिद्धांत, ख्रिस्ती धर्माचा इतिहास, नीतिशास्त्र, उपासना व पाळकीय सेवा हे विषय असतात. मूळ ग्रंथांसाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांची ओळख करून दिली जाते. याशिवाय इतर धर्मांचा अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात इस्लामचा समावेश होतो. अध्यापनाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ग्रंथ केव्हा, कोणासाठी व कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला हा प्रश्न वर्गात विचारला जातो. हदीसच्या अभ्यासात सनद व मतन यांची छाननी करणाऱ्या आपल्या परंपरेला ही शिस्त अगदीच अनोळखी नाही, जरी दोन्हींच्या पद्धती व गृहीतके वेगळी आहेत. दुसरी, परीक्षा शिकवणारी संस्था एकटी घेत नाही, तर बाहेरचे मंडळ घेते.

या शिस्तीतूनच नवे विचारही निघाले. १९८१ मध्ये अरविंद निर्मळ यांनी बंगलोरला दिलेल्या व्याख्यानात शूद्र धर्मचिंतनाची मांडणी केली आणि पुढे तीच दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची सुरुवात मानली गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार धर्मांतरित दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींपासून वंचित आहेत. त्याच आदेशामुळे मुस्लिम समाजातील दलित मूळाचे गटही वंचित राहतात, हे येथे लक्षात घ्यावे.

आपल्यापुढील प्रश्न

५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा शिक्षण कायदा वैध ठरवला. मात्र कामिल व फाजिल या उच्च पदव्यांबाबतच्या तरतुदी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत असल्याने रद्द केल्या. १९५६ च्या त्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. या निकालाने हजारो विद्यार्थ्यांपुढे पुढील वाटेचा प्रश्न उभा केला. सच्चर समितीने २००६ मध्येच मदरशांच्या पदव्यांना उच्च शिक्षणातील प्रवेशासाठी समकक्षता देण्याची सूचना केली होती. अलीगढ, जामिया मिल्लिया आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ यांनी मदरशांच्या काही प्रमाणपत्रांना प्रवेशासाठी मान्यता देऊन मार्ग दाखवला आहे.

या पार्श्वभूमीवर श्रीरामपूरच्या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. एक, ज्ञानाची परंपरा कितीही समृद्ध असली तरी पदवीला कायद्याचा आधार लागतो. केवळ सनद असून ८८ वर्षे काही झाले नाही. दोन, पंथभेद विसरून नव्हे, पण ते बाजूला ठेवून समान परीक्षामंडळ उभारता येते. लुथरन व बाप्टिस्ट यांच्यातील मतभेद काही किरकोळ नव्हते. तीन, आपल्या धर्माबरोबर शेजाऱ्याच्या धर्माचा अभ्यास ठेवल्याने विद्यार्थ्याचा ईमान दुबळा होत नाही, उलट त्याची समज वाढते.

मदरशांतील इजाजतची परंपरा उस्तादावरील विश्वासावर उभी आहे. तिचे मोल कायम ठेवून तिला खुल्या परीक्षेची आणि कायदेशीर मान्यतेची जोड कशी द्यावी, हे काम आता सरकारइतकेच आपल्या शिक्षणसंस्थांचेही आहे. महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी इस्लामी अध्ययनाचे अभ्यासक्रम आखताना शेजारच्या गांधीनगरमधील हा प्रयोग एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावा. तेथील ग्रंथालय, परीक्षापद्धती आणि अनेक पंथांचे एकत्रित व्यवस्थापन यांचा अभ्यास आपल्या कामी येण्यासारखा आहे.