डोंगरावरची रात्र आणि रविवारची सुट्टी



इतिहासावर बोलण्यासाठी आपण मला येथे उभे केले आहे, तेव्हा प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. मी आठवीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे माझे शिक्षण कारखान्यांच्या गेटसभांत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे पंडिताची शिस्त माझ्या बोलण्यात सापडणार नाही. परंतु ज्या गावी १८ जानेवारी १८४२ रोजी, ऐन थंडीत, न्यायमूर्ती रानडे जन्मले आणि ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, त्यांच्याच गावी दोन शब्द बोलण्याची संधी नाकारणे मला जमले नाही.

विषय साधा आहे. गेल्या जानेवारीत आम्ही बाराजण धोडपच्या किल्ल्यावर एक रात्र मुक्कामाला गेलो होतो. पाठीवर कांबळी, तांदूळ-डाळ, एक पातेले आणि पाण्याच्या बाटल्या. सगळे कामगार, त्यांतले निम्मे कंत्राटी. वडाळीभोईवरून धोडांब्याकडे वळायचे आणि हट्टी गावातून चढायला लागायचे. आपल्या तालुक्यातून उत्तरेकडे पाहिले की डोंगररांगेत एक उभी भिंत आणि त्या भिंतीला मध्येच पडलेली खाच दिसते, तोच धोडप. माचीवर पाण्याची कुंडे आहेत, वर देवीची गुहा आहे. त्या गुहेत आम्ही पथारी टाकली.

थंडीची गोष्ट निफाडकरांना मी काय सांगावी! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला, की आपले नाव साऱ्या महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत येते. आम्हांला वाटले होते, खाली एवढी थंडी, तर वर गोठूनच जाऊ. प्रत्यक्षात वारा बोचत होता खरा, पण गुहेच्या आडोशाला आम्ही पुष्कळ सुखी होतो. कारण असे, की निरभ्र आणि शांत रात्री जमीन उष्णता टाकते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून ओघळत जाऊन खोलगट भागात साचून राहते. डोंगराच्या खांद्यावर त्यामानाने ऊब असते. म्हणूनच आपल्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या रात्री वरून खाली पाहिले, तर अंधारात ठिपक्यांसारखे लाल उजेड दिसत होते. शेजारचा एक तरुण कामगार म्हणाला, “काका, आपण सहलीला आलो, पण खाली आपलेच लोक जागे आहेत.” माझ्या आजच्या व्याख्यानाचे मूळ त्या एका वाक्यात आहे.

हिवाळ्याच्या रात्री डोंगरावर काढणे ही आज हौस आहे. कधीकाळी ती चाकरी होती. मराठेशाहीत गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. पण रात्र जागवायची ती नाईकवाड्यांनी, मेटकऱ्यांनी आणि साध्या गडकऱ्यांनी. दिवस मावळला की दरवाजे बंद, आणि मग तटावर पहारा नि गस्त. याच धोडपवर पेशवाईतला एक मोठा कलह निकालात निघाला. १० जून १७६८ रोजी थोरल्या माधवरावांनी येथे आपल्या चुलत्याचा, राघोबादादांचा, पराभव केला. त्या दिवसाची नोंद इतिहासात आहे. पण त्याआधीच्या शेकडो थंड रात्री त्या तटावर कोण कुडकुडत उभे होते, त्यांची नावे मात्र कुठे सापडत नाहीत.

१८१८ साली इंग्रजांनी नाशिक भागातले किल्ले पटापट घेतले. मनमाडजवळचा अंकाई एप्रिल महिन्यात गोळी न झाडता त्यांच्या हाती गेला. कॅप्टन ब्रिग्जने त्या वर्षी हे किल्ले पाहिले आणि पुढे अनेक ठिकाणच्या वाटा व पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. किल्ला निकामी झाला, त्याबरोबर गडकऱ्याची चाकरीही गेली. कोल्हापुराकडे गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांच्या हाती दिला, तेव्हा १८४४ साली सामानगड आणि भुदरगड येथे त्यांनी बंड केले. पोटावर पाय आला की पहारेकरीही दरवाजा आतून लावून घेतो, हे त्यावरून दिसते.

आता प्रश्न असा, की चाकरीची रात्र हौसेची कशी झाली? डोंगर तोच, थंडी तीच. बदलली ती एकच गोष्ट : माणसाच्या हातात स्वतःचे म्हणता येतील असे दोन दिवस आले. ते आपोआप आले नाहीत.

शेतकऱ्याला अमावास्येला औत न धरण्याची रीत होती. बैलालाही सुट्टी होती! पण मुंबईत गिरण्या निघाल्या आणि यंत्राला अमावास्या कळेना. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले; सणवार सोडले तर ठरलेली सुट्टी नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांना थोडे संरक्षण दिले, मोठ्यांना काहीच नाही. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ठाण्याला जन्मलेला, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेला हा माणूस ‘दीनबंधु’ पत्र चालवी. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची, दुसरी दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार. तेव्हा ही सुट्टी साहेबाच्या चर्चमुळे मिळाली, असे जे सरसकट सांगितले जाते, ते निम्मेच खरे आहे.

येथे एक आडवळण घेतो. त्या काळच्या पुष्कळ देशभक्त पुढाऱ्यांना हे कायदे म्हणजे मँचेस्टरच्या मालकांचा डाव वाटे. मुंबईची गिरणी मंदावली तर त्यांचे कापड खपणार. हा संशय अगदी खोटा नव्हता. पण मँचेस्टरमध्ये नुसते मालक राहत नव्हते. १८५० च्या कायद्याने तिथल्या गिरण्यांतल्या स्त्रिया व मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले आणि त्या अर्ध्या दिवसातून पुढे कामगारांच्या पदभ्रमणाची चाल वाढली. जवळचे डोंगर मात्र जमीनदारांनी शिकारीसाठी बंद करून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे लोक, बहुतेक तरुण कामगार, बंदी मोडून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. महालक्ष्मीची सभा २४ एप्रिलची आणि किंडर स्काउटची चढाईही २४ एप्रिलची. हा नुसता योगायोग आहे, पण दोन्हीकडचे मागणे एकच होते.

आपल्याकडे कामाचे तास हळूहळू उतरले. १९२२ साली आठवड्याला ६०, १९३४ साली ५४, १९४६ साली ४८. १९४८ च्या कायद्याने वर्षाला २४० दिवस भरलेल्या प्रौढ कामगाराला वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. पुढे १९५४ साली मुंबईत गिरिविहारसारखी गिर्यारोहकांची संस्था निघाली आणि त्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन पर्वतारोहण संस्था सुरू झाली. कायदा आणि डोंगर यांचा संबंध सरळ आहे, असा माझा दावा नाही. पण ज्याला शनिवार-रविवार नाही, त्याला किल्ला नाही, एवढे मात्र मी अनुभवाने सांगतो.

तो अनुभव सांगून थांबतो. आमच्यात जो तरुण ‘आपलेच लोक जागे आहेत’ म्हणाला, तो साक्रीकडचा, एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला. पहाटे चार वाजता तो उठून बसला. पहिल्या पाळीची सवय! झोप येईना, म्हणून त्याने चूल पेटवली आणि सर्वांसाठी चहा केला. उजाडले तेव्हा खाली धुक्याचे तळे पसरले होते. पश्चिमेला सप्तशृंगीचा डोंगर आणि रवळ्या-जवळ्या, पूर्वेला कांचना. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “काका, अकरा महिन्यांत ही पहिलीच सुट्टी. एका दिवसाचा खाडा पडेल, पडू द्या.” महिनाअखेरीस पाहतो, तर एका खाड्याबद्दल तीन दिवसांची मजुरी कापलेली. कागदावर त्याला दर आठवड्याला सुट्टी दिलेली दाखवली होती! ते भांडण आम्ही अजून लढवीत आहोत.

२०२० च्या नव्या संहितेतही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे लिहिले आहे. लिहिलेले आहे आणि मिळालेले आहे, यांच्यामध्ये लोखंड्यांना सहा वर्षे लागली. आपल्याला किती लागावीत?

निफाडकरांनो, पुढच्या थंडीत धोडपवर अवश्य जा. मुलांना न्या, पाठीवरचे ओझे ज्याचे त्याला वाहू द्या. पण निघण्यापूर्वी आपल्या दुकानातल्या पोऱ्याला, घरी भांडी घासणाऱ्या बाईंना, बागेत शेकोटी राखणाऱ्या गड्याला एकदा विचारा, की तुमचा सुट्टीचा वार कोणता? उत्तर पटकन आले तर निश्चिंत मनाने चढा. न आले, तर तो वार त्याच दिवशी ठरवून टाका. वर गेल्यावर झोप चांगली लागेल.