लेम्युएल शॉ : एक न्यायाधीश, दोन मुली

१/ ऑगस्ट १८३६, बोस्टन. न्यायालयासमोर प्रश्न होता मेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीचा. मेरी स्लेटर ही न्यू ऑर्लिन्सची गृहिणी बोस्टनला वडिलांकडे आली, तेव्हा तिने या गुलाम मुलीला सोबत आणले होते. गुलामगिरी नसलेल्या राज्यात आल्यावरही मेड गुलामच राहते का? उत्तर द्यायचे होते मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांना.

२/ शॉ यांचा जन्म १७८१चा. वडील धर्मोपदेशक, शिक्षण हार्वर्डमध्ये. १८२२ साली बोस्टन शहराची सनद त्यांनीच लिहिली. १८३० ते १८६० अशी तीस वर्षे ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख होते आणि या काळात त्यांनी सुमारे २२०० निकालपत्रे लिहिली. ‘मोबी डिक’चा लेखक हर्मन मेलव्हिल हा त्यांचा जावई.

३/ शॉ यांनी मेडला मुक्त केले. त्यांचे तर्कशास्त्र असे : गुलामगिरी निसर्गनियमाने नव्हे, तर त्या त्या प्रदेशाच्या कायद्याने टिकते. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात तिला स्थान नाही. म्हणून मालकाने स्वतःहून येथे आणलेल्या गुलामाला परत नेण्याची सक्ती करता येत नाही. गुलामगिरीविरोधकांचा हा मोठा विजय होता.

४/ मात्र याच निकालात एक अपवाद होता. गुलाम पळून आलेला असेल, तर संघराज्याच्या घटनेनुसार त्याला मालकाच्या हवाली करणे भाग होते.

५/ त्या अपवादाची किंमत १८५१च्या एप्रिलमध्ये दिसली. जॉर्जियातून पळून आलेला थॉमस सिम्स बोस्टनमध्ये पकडला गेला. जमावाच्या भीतीने न्यायालयाच्या इमारतीभोवती लोखंडी साखळ्या ताणल्या गेल्या. वृद्ध शॉ यांना त्या साखळ्यांखालून वाकून आत जावे लागले. सिम्सच्या सुटकेचा अर्ज त्यांनी फेटाळला. सिम्सला जहाजाने सॅव्हानाला परत पाठवण्यात आले आणि तेथे त्याला जाहीर फटके मारण्यात आले.

६/ शॉ यांची भूमिका स्पष्ट होती : फरारी गुलाम परत करण्याच्या कराराविना हे संघराज्य स्थापनच झाले नसते, न्यायाधीशाला तो मोडता येत नाही. ही भूमिका पटो वा न पटो, तिच्यामागे घटनेतील एक लिखित कलम होते. ‘कायद्याने हात बांधलेला न्यायाधीश’ ही शॉ यांची प्रतिमा येथूनच तयार होते.

७/ पण एक वर्ष आधीचा निकाल या प्रतिमेत बसत नाही. सारा रॉबर्ट्स ही बोस्टनमधील पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. घराजवळची शाळा सुमारे ९०० फुटांवर होती. तिच्यासाठी नेमलेली कृष्णवर्णीयांची शाळा २१०० फुटांवर. तेथे जाताना वाटेत गोऱ्या मुलांच्या पाच शाळा लागत. तिचे वडील बेंजामिन रॉबर्ट्स यांनी शहरावर दावा लावला.

८/ साराच्या बाजूने उभे राहिले चार्ल्स समनर आणि अमेरिकेतील सुरुवातीच्या कृष्णवर्णीय वकिलांपैकी एक, रॉबर्ट मॉरिस. मुलांना वर्णानुसार वेगळे ठेवणे हाच अन्याय आहे; शाळा कितीही चांगली असो, असा त्यांचा युक्तिवाद होता. राज्याच्या घटनेत तर सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे म्हटलेच होते.

९/ १८५० साली शॉ यांनी दावा फेटाळला. समानतेचे तत्त्व त्यांनी मान्य केले. परंतु मुलांची वर्गवारी करण्याचा अधिकार शालेय समितीचा आहे आणि समाजातील पूर्वग्रह कायद्याने निर्माण केलेला नाही, तसा तो कायद्याने बदलताही येणार नाही, असे ते म्हणाले.

१०/ येथे त्यांचे हात कोणी बांधले होते? वेगळ्या शाळांची सक्ती करणारे कलम ना संघराज्याच्या घटनेत होते, ना राज्याच्या कायद्यात. १८३६ साली ‘कायद्यात गुलामगिरी नाही’ एवढ्या आधारावर त्यांनी मेडला सोडवले होते. १८५० साली मात्र कायद्याच्या मौनाचा लाभ त्यांनी समितीला दिला. सिम्सच्या बाबतीत त्यांच्याकडे घटनेची सबब होती, साराच्या बाबतीत तीही नव्हती. ही त्यांची स्वतःची निवड होती.

११/ पाचच वर्षांत, १८५५ साली, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने शाळाप्रवेशातील वर्णभेदावर बंदी घातली. पूर्वग्रहापुढे कायदा हतबल असतो, या मताला त्यांच्याच राज्याने दिलेले हे उत्तर होते.

१२/ तरी निकाल मेला नाही. १८९६ साली ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णविभक्त रेल्वेडबे वैध ठरवताना शॉ यांच्या याच निकालाचा दाखला दिला. शाळांमधील वर्णविभाजन देशभर घटनाबाह्य ठरण्यास १९५४ उजाडावे लागले. शॉ मार्च १८६१मध्ये, यादवी युद्ध सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी वारले. मेडला मुक्त करणारा त्यांचा निकाल त्या युद्धानंतर इतिहासजमा झाला. साराला नाकारणारा निकाल मात्र पुढे आणखी कित्येक दशके लाखो मुलांच्या शाळा ठरवत राहिला.